रोड बाईकची फ्रेम कोणत्या साइजची घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोड बाईक घेण्याआधी लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. घाईत असाल तर ३ आणि ५ तेवढे वाचा. बाकीची बरीच उत्तरं त्या दोनांवर टेकलेली आहेत. शरीराची मापं सेंटीमीटरमध्ये दिली आहेत आणि फ्रेमची मिलिमीटरमध्ये, कारण कंपन्यांचे तक्ते तसेच असतात.

१. माझी उंची १७० सेंमी आहे. मला कोणती साइज लागेल?

बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात या उंचीसमोर ५२ किंवा ५४ दिसेल, किंवा स्मॉल आणि मीडियमच्या सीमेवर बोट येईल. उंचीचं काम इथवरच. सात-आठ साइजमधून ती तुम्हाला दोनवर आणून सोडते, पण त्या दोनांतली कोणती हे तिला ठाऊक नसतं. १७० सेंमीच्या दोन माणसांना पाठीला पाठ लावून उभं करा. एकाचा पट्टा दुसऱ्याच्या पट्ट्यापेक्षा चार बोटं वर असू शकतो. सायकलला ही दोन वेगळी माणसं आहेत. म्हणून आधी प्रश्न ३ प्रमाणे मापं घ्या, मग तक्ता उघडा.

२. ५४ म्हणजे नेमकं काय ५४ असतं?

पूर्वी याला सरळ उत्तर होतं. सीट ज्या नळीत बसते त्या सीट ट्यूबची लांबी ५४ सेंमी. त्यातही दोन पंथ होते. काही कारागीर बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) जिथे फिरते त्या बीबीच्या, मध्यापासून नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजत, तर काही वरचा दांडा जिथे जुळतो त्याच्या मध्यापर्यंत. त्यामुळे एकाची ५४ दुसऱ्याच्या हिशेबात ५५ च्या पुढे जायची.

वरचा दांडा जमिनीला समांतर असेपर्यंत हे चाललं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस माइक बरोज यांनी जायंटसाठी टीसीआर ही सायकल घडवली. तिचा दांडा मागे उतरता होता, सीट ट्यूब आखूड होती, आणि डझनभर साइजऐवजी स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मोजक्याच साइज होत्या. पुढे उतरता दांडा सगळीकडे आला. आज ५४ लिहिलेल्या फ्रेमवर टेप लावला तर ५४ सेंमी भरेल असा एकही भाग सापडला नाही, असं सहज होतं. तो आकडा आता नाव म्हणून उरलाय, चपलेच्या नंबरासारखा. एका कंपनीची ५४ आणि दुसरीची ५४ यांची तुलना करायची तर प्रश्न ५ मधलेच आकडे लागतात.

३. घरी मापं कशी घ्यायची?

मुख्य माप इनसीमचं, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचं. अनवाणी, भिंतीला पाठ आणि टाचा लावून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये धरा. त्याची एक कड भिंतीला पूर्ण टेकलेली हवी, म्हणजे ते तिरकं होणार नाही. आता वर दाबा. संकोच करू नका. सीटवर तुमचं वजन पडतं तेव्हा जेवढा दाब येतो, तेवढा इथेही यायला हवा. पुस्तकाच्या वरच्या कडेशी पेन्सिलची खूण करा, पुस्तक काढा, जमिनीपासून मोजा. तीनदा करा. तिन्ही वेळा आकडा अर्ध्या सेंटीमीटरच्या आत आला तर विश्वास ठेवा. एकट्याने खूण करताना वाकावं लागतं आणि तिथेच माप बिघडतं, म्हणून घरातल्या कुणाला तरी पेन्सिल द्या.

पँटचा इनसीम इथे कामाचा नाही. शिंपी जांघेच्या खाली सुरू करतो आणि घोट्याजवळ थांबतो, त्यामुळे ते माप बरंच कमी भरतं. इतक्या वेळा हा घोळ झालाय की उंची १७५ आणि इनसीम ७४ असं कुणी लिहिलं की मी आधी विचारतो, पुस्तक लावलं होतं ना?

याशिवाय दोन मापं जवळ ठेवा. पुस्तकाच्या कडेपासून गळ्याच्या खळगीपर्यंतचं धड, आणि खांद्याच्या हाडापासून मुठीत धरलेल्या पेन्सिलीपर्यंतचा हात. यांचा उपयोग प्रश्न १० मध्ये आहे.

४. इनसीमला ०.६६ ने गुणलं की साइज मिळते असं ऐकलं. खरं का?

समांतर दांड्याची जुनी स्टीलची फ्रेम घेत असाल तर बऱ्यापैकी खरं. इनसीमला ०.६५ ते ०.६७ ने गुणलं की सीट ट्यूबची मध्य-ते-मध्य लांबी मिळते. ८२ सेंमी इनसीमला ती ५३.३ ते ५४.९ येते. उतरत्या दांड्याच्या फ्रेमला हे सूत्र लावणं म्हणजे बंद पडलेल्या घड्याळात वेळ बघणं.

याच्याशी गल्लत होणारा दुसरा आकडा ०.८८३. अमेरिकेचे ग्रेग लेमाँड (१९८६, १९८९ आणि १९९० ची टूर द फ्रान्स त्यांनी जिंकली) यांच्यामुळे तो घरोघरी पोचला. इनसीमला त्याने गुणलं की बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ८२ ला ७२.४ सेंमी. ही सीटची उंची आहे, फ्रेमची साइज नव्हे. सुरुवात म्हणून उत्तम. पुढे बुटांचा तळवा, पेडल आणि तुमच्या मांडीचा ताठरपणा पाहून थोडं खालीवर करावं लागतं.

५. स्टॅक आणि रीच हे काय प्रकरण आहे?

साइजचा खरा निकाल इथेच लागतो. बीबीच्या मध्यातून एक उभी रेघ सरळ वर न्या. पुढे हँडल ज्या नळीत फिरतं त्या हेड ट्यूबच्या वरच्या टोकापासून एक आडवी रेघ मागे आणा. उभ्या रेघेची उंची म्हणजे स्टॅक, आडव्या रेघेची लांबी म्हणजे रीच. हँडल किती वर आणि किती पुढे, एवढंच हे दोन आकडे सांगतात.

मग सीटचं काय, असं लोक विचारतात. सीट वर-खाली करायला सीटपोस्ट आहे, मागे-पुढे करायला तिच्या खालचे रूळ आहेत. आसपासच्या तीन साइजवर तुमची सीट बीबीच्या हिशेबात त्याच जागी बसवता येते. हँडलला ती मोकळीक नाही. दोन-तीन स्पेसर (हँडल उंच करायला त्याच्या खाली घालायच्या चकत्या) आणि स्टेमची (हँडलला सायकलशी जोडणाऱ्या पुढच्या तुकड्याची) लांबी, संपलं. म्हणून फ्रेम निवडताना हँडलकडे बघायचं.

दोन सायकलींची तुलना करताना नुसता रीच शेजारी ठेवू नका. पहिल्या फ्रेमचा स्टॅक ५६० आणि रीच ३८५ आहे, दुसरीचा ५४० आणि ३८७, असं धरू. कागदावर दुसरी २ मिमी लांब. पण तुम्हाला हँडल पहिलीइतकंच उंच हवं असेल तर दुसरीवर २० मिमी स्पेसर चढवावे लागतील. हेड ट्यूब मागे कललेली असते, साधारण ७३ अंशांत. त्यामुळे दर १० मिमी वर जाताना हँडल ३ मिमी मागे सरकतं. ३८७ मधून ६ गेले, उरले ३८१. लांब वाटणारी सायकल प्रत्यक्षात ४ मिमी आखूड निघाली. आधी स्टॅक जुळवा, मग रीच पाहा.

६. मग टॉप ट्यूबची, म्हणजे वरच्या दांड्याची, लांबी बघायचीच नाही का?

बघा, पण सीट ट्यूबच्या कोनासकट. तक्त्यात 'इफेक्टिव्ह टॉप ट्यूब' लिहिलेलं असतं. उतरता दांडा समांतर असता तर जेवढा भरला असता, ते हे माप. गोम अशी की सीट ट्यूब ताठ केली की हे माप आपोआप कमी होतं, आणि हँडल मात्र जागचं हलत नाही.

५३० स्टॅकच्या दोन फ्रेम घ्या. एकीची टॉप ट्यूब ५३०, कोन ७५ अंश. दुसरीची ५४०, कोन ७३.५. पहिली १ सेंमी आखूड वाटते ना? रीच काढला तर पहिलीचा ३८८ येतो, दुसरीचा ३८३. पहिली घेऊन तुम्ही सीट तुमच्या नेहमीच्या जागी मागे नेली की हात ५ मिमी जास्तच लांबवावे लागणार. छोट्या साइजमध्ये हा खेळ सर्रास दिसतो (कारण प्रश्न १२ मध्ये).

७. मी बरोबर दोन साइजच्या मध्ये येतो. लहान घेऊ की मोठी?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. "शंका असेल तर लहान घे" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते शर्यतवाल्यांच्या तोंडून आलेलं आहे. कंबरेत वाकून तासनतास बसू शकणाऱ्यांना ते लागू पडतं. चाळिशीनंतर खुर्चीतून उठून सायकलवर आलेल्यांनी ते जपून घ्यावं.

शेजारच्या दोन साइजमध्ये रीचचा फरक साधारण ५ ते १० मिमी असतो आणि स्टॅकचा १५ ते २५. म्हणजे लांबीतला फरक एका स्टेमच्या अदलाबदलीत भरून निघतो. उंचीतला सहजी निघत नाही. त्यामुळे प्रश्न 'लहान की मोठी' असा नसून 'हँडल किती उंच हवं' असा आहे. उभे राहून, गुडघे न वाकवता बोटं जमिनीला आरामात टेकत असतील तर लहान चालेल. नडगीच्या मध्यावरच गाडी अडत असेल तर मोठी घेऊन स्टेम १० मिमी आखूड करणं शहाणपणाचं.

दोन्ही बाजूंना भिंत कुठे आहे तेही पाहा. रोड बाईकवर ९० ते ११० मिमीचा स्टेम नेहमीचा. ८० चालतो. त्याहून आखूड लावावा लागत असेल तर फ्रेम मोठी आहे. उलट सगळे स्पेसर चढवून, स्टेम वरच्या बाजूला उलटवून, १२० चा लावूनही जवळ वाटत असेल तर लहान आहे. कार्बनच्या स्टिअरर नळीवर (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची हेड ट्यूबमधून वर येणारी नळी) किती स्पेसर चालतात याला मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी ३० मिमीच्या आसपास. तुमच्या फोर्कच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडा अंतिम समजा.

मी स्वतः पहिली सायकल ५६ घेतली, कारण ५४ शिल्लक नव्हती आणि "दोनच सेंटीमीटरचा तर फरक आहे" हे मला पटलं. ११० चा स्टेम काढून १०० लावला, मग ९०, मग ८०. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं. दोन तासांनंतर मानेत कळ यायची आणि उतरलो की करंगळ्या बधिर असायच्या. शेवटी मित्राच्या ५४ वर बसलो, तेव्हा पाचव्या मिनिटाला कळलं की मी वर्षभर फ्रेमशी भांडत होतो.

८. रेस फ्रेम (शर्यतीची, खाली वाकवणारी) आणि एन्ड्युरन्स फ्रेम (लांब पल्ल्याची, उंच हँडलची) यांत साइज बदलते का?

नाव तेच राहतं, बसणं बदलतं. स्टॅकला रीचने भागा. ५४५ आणि ३९० असेल तर १.४ च्या जवळ, ही रेस फ्रेम. ५७० आणि ३८० असेल तर १.५, ही एन्ड्युरन्स. प्रश्न ७ मध्ये अडकलेल्यांनी साइज बदलण्याआधी हा पर्याय बघावा. रेसच्या मोठ्या साइजपेक्षा एन्ड्युरन्सची नेमकी साइज कितीतरी वेळा बरी पडते.

९. दांडा पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर दांड्याच्या वर किती जागा उरली पाहिजे?

दोन-तीन सेंटीमीटर पुरे. उतरत्या दांड्यामुळे आज ही परीक्षा जवळपास सगळेच पास होतात, त्यामुळे पास झालात म्हणून साइज बरोबर आहे असं ठरत नाही. नापास झालात तर मात्र ती सायकल ठेवून द्या.

१०. माझे पाय लांब आणि धड आखूड आहे. तक्ता मला बसतच नाही.

तक्ता सरासरी बांध्याचा असतो. लांब पायांमुळे सीट वर जाते आणि हँडल त्या मानाने खोल जातं. म्हणून तुम्हाला स्टॅक जास्त आणि रीच बेताचा हवा, म्हणजे पुन्हा एन्ड्युरन्स. साइज खाली नेलीत तर रीच जुळेल, पण हँडल आणखी खोल जाईल.

उलट बांधा, म्हणजे आखूड पाय आणि लांब धड-हात, त्या मानाने सोपा. उंचीप्रमाणे येणारी साइज घ्या, सीट खाली येईल, स्टेम गरजेप्रमाणे १० मिमी वाढवा. फक्त सीटपोस्ट पुरेसा खाली जातो ना ते बघा. बाटलीच्या स्क्रूमुळे किंवा नळीच्या आकारामुळे तो काही फ्रेममध्ये मध्येच अडतो.

११. बायकांसाठी वेगळी फ्रेम घ्यावी का?

'बायकांचे पाय लांब, धड आखूड' या गृहीतकावर काही कंपन्या वेगळी फ्रेम बनवत. माणसामाणसांतला फरक त्याहून मोठा असतो, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांनी ती बंद करून तीच फ्रेम वेगळ्या सीट आणि अरुंद हँडलसह द्यायला सुरुवात केली. रंग आवडला तर कुठलीही घ्या, आकडे स्टॅक आणि रीचचेच पाहा. सीट आणि हँडलची रुंदी मात्र पहिल्याच दिवशी बदलून मागा.

१२. उंची १५३ सेंमी. सगळ्यात छोटी फ्रेम घेतली तरी वळताना पाऊल पुढच्या चाकाला लागतं. फ्रेम चुकली का?

चूक चाकाची आहे, आणि ते चाक सगळ्यांना सारखंच मिळतं. ७००सी चाकाची रिम टायर बसतो तिथे ६२२ मिमी व्यासाची असते, फ्रेम ४६ असो की ६०. फ्रेम लहान होत गेली तरी चाक मागे येऊ शकत नाही. म्हणून कारागीर पुढचा कोन लोळवतात आणि मागचा ताठ करतात. त्यामुळे सगळ्यात छोट्या दोन साइजचे रीच कधीकधी जवळपास सारखेच निघतात, आणि टॉप ट्यूबचा आकडा बघणारे फसतात.

पाऊल लागणं वेगात होत नाही. तिथे सायकल कलून वळते आणि हँडल जेमतेम हलतं. अगदी सावकाश, हँडल पूर्ण फिरवून वळताना बाहेरचं पाऊल पुढे असेल तरच लागतं. एकदा मोकळ्या मैदानात मुद्दाम लावून बघा, म्हणजे रस्त्यात दचकणार नाही. खटकतच असेल तर काही कंपन्या छोट्या साइज ६५०बी चाकांवर (५८४ मिमी) देतात, त्या शोधा.

क्रँकही तपासा. छोट्या फ्रेमवर १७२.५ मिमीची आली असेल तर १६५ ची मागा. त्या बदलात सीट ७.५ मिमी वर घ्यावी लागते आणि हँडल तेवढंच आणखी खोल वाटू लागतं. त्यासाठी एक स्पेसर हाताशी ठेवा.

१३. माझी हायब्रिड मीडियम आहे. रोड बाईकही मीडियमच घेऊ ना?

नको, निदान डोळे मिटून नको. हायब्रिडचं हँडल सरळ असतं, हात स्टेमच्या रेषेतच पडतात. रोड बाईकचं खाली वळलेलं ड्रॉप हँडल स्वतःच ७० ते ८५ मिमी पुढे जातं आणि हुड (ब्रेकच्या मुळाशी असलेली रबरी पकड) धरले की आणखी पुढे. म्हणून हायब्रिडच्या फ्रेम मुळातच लांब आखलेल्या असतात. हायब्रिडला ड्रॉप हँडल लावलं की ती अचानक लोखंडी खाटेसारखी लांब का होते, याचंही उत्तर हेच.

१४. जुनी सायकल बघतोय. स्टिकर निघालंय, मॉडेलही कळत नाही. मोजायचं कसं?

टेप, भिंत आणि सरळ धरायला एक माणूस. सपाट फरशीवर सायकलचं मागचं चाक भिंतीला टेकवा. टायरमध्ये हवा नीट हवी. फरशीपासून बीबीच्या मध्याची उंची मोजा, मग हेड ट्यूबच्या वरच्या टोकाची. वजाबाकी म्हणजे स्टॅक. आता भिंतीपासून बीबीच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर घ्या, मग हेड ट्यूबच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं. वजाबाकी म्हणजे रीच. वरच्या बिंदूतून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडलात तर आडवं अंतर फरशीवरच मोजता येतं. पाच-सात मिलिमीटरची चूक होणारच. स्टॅकमध्ये ती एक साइज इकडेतिकडे होण्याइतकी मोठी नाही, रीचमध्ये मात्र असू शकते.

जुन्यात आणखी दोन सापळे. आधीच्या मालकाने स्टिअरर नळी कापून आखूड केली असेल तर स्पेसर वाढवायला जागाच उरत नाही. आणि सीटपोस्ट तुमच्या उंचीला आणल्यावर त्यावरची 'मिनिमम'ची खूण फ्रेमच्या बाहेर दिसत असेल तर तो पोस्ट वापरू नका. पोस्ट वाकतो किंवा फ्रेम तिथे तडकते. पोस्ट मुळीच हलत नसेल तर सौदा सोडा. अॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये गंजून चिकटला की निघता निघत नाही.

१५. चालवून बघताना काय तपासायचं?

पहिली पाच मिनिटं प्रत्येक नवी सायकल छान वाटते. म्हणून आधी सीट तुमच्या उंचीला लावून घ्या. त्याशिवाय फेरी मारण्यात अर्थ नाही. मग हुडवर हात ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवा. कोपर किंचित वाकलेले आहेत का? खांदे कानाकडे चढलेत का? एक क्षण हात हुडवरून हलके उचलून बघा. धड धाडकन पुढे कोसळत असेल तर हँडल लांब किंवा खोल आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. थोड्या वेळाने हात आपोआप हुड सोडून मागे सरळ पट्टीवर जात असतील, तर शरीराने निकाल दिलेला आहे.

१६. नंतर बाईक फिटिंग, म्हणजे जाणकाराकडून सायकल शरीराला जुळवून, घेणारच आहे. मग साइज थोडी चुकली तर बिघडतं का?

फिटिंग करणारा सीट, क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तुकडा), स्टेम, हँडल हलवतो. फ्रेम त्याला बदलता येत नाही. खर्च करायचाच असेल तर खरेदीच्या आधी करा आणि त्याच्याकडून हँडलच्या जागेचे आकडे लिहून घ्या. हँडल आणि स्टेम एकाच तुकड्यात असलेल्या, आतून केबल गेलेल्या सायकलींना हे दुप्पट लागू. तिथे स्टेम १० मिमी बदलायचा म्हणजे अख्खं हँडल बदलायचं, आणि बऱ्याचदा ब्रेकचे होजही (तेलाच्या नळ्या) सोडवावे लागतात.

१७. मुलगा चौदा वर्षांचा आहे, अजून वाढतोय. एक साइज मोठी घेऊन ठेवू?

आज हुडवरून ब्रेक नीट ओढता येत नसेल अशी सायकल घेऊ नका. आज बसणाऱ्या साइजमधली वरची घ्या, आखूड स्टेम लावा, पुढे लांब लावता येईल.

१८. घेऊन झाली आणि आता मोठी वाटतेय. काही करता येईल का?

या क्रमाने करा. ७० मिमीच पुढे जाणारं हँडल लावा, कारण काही सायकलींवर ८५ चं आलेलं असतं आणि तिथेच दीड सेंटीमीटर मिळतो. मग हुड थोडे वर-मागे फिरवा. मग स्टेम, पण ८० च्या खाली नाही. सीट पुढे ढकलून अंतर कमी करायचा मोह होईल. तो टाळा, नाहीतर हातांचं दुखणं गुडघ्यांवर जाईल आणि हातांवरचा भारही वाढेल. एवढं करूनही महिन्याभरात फरक पडला नाही, तर सायकल नवी दिसतेय तोवर विकून टाका.